गीझरचं गार पाणी

बाबा घरात बिअर करणार आहेत हे विशाखाला कळलं, तेव्हा तिला ना राग आला ना भीती वाटली. काहीच झालं नाही. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून तिला कशानंच फारसं काही होत नव्हतं. वक्तृत्वात पहिला नंबर आला, ओके. डाळ करपली, ओके. करपलेली डाळ दोघांनी मुकाट्यानं खाल्ली.

आखातात, वादी कबीरच्या त्या फ्लॅटमध्ये आता दोघंच उरले होते. प्रसाद, म्हणजे तिचे बाबा, गॅरेजमध्ये अपघातातल्या गाड्यांचा रंग जुळवायचे. नुसत्या नजरेनं पांढऱ्याच्या अकरा छटा ओळखणारा हा माणूस घरी आला की एकाच भिंतीकडे बघत बसायचा. पगार कापला गेला, परमिटवर मिळणारी बिअर परवडेना, तेव्हा गॅरेजमधल्या जितेशकाकांनी त्यांना कृती सांगितली. सुपरमार्केटातलं बिनदारूचं माल्टचं पेय, साखर, बेकरीचं यीस्ट आणि पाण्याची वीस लिटरची बाटली. झालं.

विशाखाच्या डोक्यात मात्र शुक्रवार होता. सुगंधाआत्या चिपळूणहून दर शुक्रवारी फोन करायची. गेल्या वेळी तिनं स्पष्टच सांगितलं होतं, "पोरीला इकडे पाठव. दहावीत गेली की शाळा बदलू देत नाहीत. या शुक्रवारी हो की नाही ते सांगून टाक, प्रसाद." विशाखाला जायचं नव्हतं. तेवढं एकच तिला पक्कं माहीत होतं. पण बाबा विचारत नव्हते आणि न विचारता सांगायची त्या घरातली सवयच मोडली होती.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत बाबा घरी आले. गॅसवर मोठं पातेलं चढवलं, साखर विरघळवली, एक उकळी आणली. मग पातेलं बाथरूममधल्या टबात ठेवून गार पाण्याचा निळा नळ सोडला आणि घड्याळ लावून अर्धा तास स्टुलावर बसून राहिले. यीस्ट तर त्यांनी गॅरेजमधल्या रंग तोलायच्या काट्यावर तोललं, दशांशापर्यंत. सगळं बाटलीत ओतून तोंडाला फुगा बांधला. बिअर होऊ लागली की तो फुगणार होता.

गुरुवारी फुगा लोळागोळा. शुक्रवारी सकाळीही तसाच. बाबांनी जितेशकाकांना व्हिडिओ कॉल लावला.

"प्रसादभाई, गार करून मगच टाकलं ना यीस्ट?"

"अर्धा तास नळाखाली होतं."

"जूनमध्ये? दुपारी? अहो, मग चहाच टाकायचा होता त्यात. मेलं ते यीस्ट. खलास."

बाबा फोन ठेवून बाटलीकडे बघत राहिले. दारात उभी असलेली विशाखा म्हणाली, "टाकी गच्चीवर तापते ना. उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा आणि लाल नळाचं पाणी घ्यायचं. गीझरमध्ये घरातल्या घरात साठून असतं, म्हणून ते गार राहतं. आई मे महिन्यात बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावायची. यंदा मी लावली."

"आणि मी?"

"तुम्ही निळाच सोडता. पाठ लाल होते तुमची."

बाबांनी हात मागे नेऊन मान चाचपली. "दोन महिने मी कढत पाण्यानं अंघोळ करतोय?"

"हो."

"आणि मला कळलं नाही."

"नाही."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

बाबा मोरीच्या उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "परत करून बघू? लाल नळानं?"

पहिल्यांदाच त्यांनी तिचं मत विचारलं होतं. विशाखानं खरंच विचार केला. "नको. जिन्यात वास जाईल. घरी दारू करणं इथे गुन्हा आहे. कुणी तक्रार केली तर देशाबाहेर काढतील, मग आपण दोघंही चिपळूणला."

"हं." ते नाकातल्या नाकात हसल्यासारखे झाले. "तुला जायचंय का तिकडे?"

"नाही."

"का?"

तिला कारण शोधावं लागलं. "तुम्ही जेवत नाही मी नसले की."

दोघांनी मिळून बाटली उचलली आणि मोरीत उलटी केली. गोडसर, शिळ्या पावासारखा वास आला. अजून निम्मी उरलेली, तोच फोन वाजला. बाबांनी ओल्या हातानंच तो स्पीकरवर टाकला.

"काय रे, काय ठरवलंस?" आत्या म्हणाली.

"ती नाही येत."

"तू म्हणतोस की ती?"

"तीच."

"विचारलंस तरी का तिला कधी?"

"आत्ताच विचारलं," बाबा म्हणाले. "थांब, बाटली धरलीय. विशाखा, तू बोल."