रिपेवरचं कौल

राणी अंगणात आली ती उजवा हात पाठीमागे लपवून. सुमंगला टीचर तेव्हा तुळशीशेजारच्या दोरीवर वर्तमानपत्राचं पान चिमट्यांनी अडकवत होत्या. डिचोलीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर त्या तुयेला आपल्या घरी परतल्या आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना अंगणात कराटे शिकवू लागल्या. ठोसे मारायचं हे दोरीवरचं पान त्यांचं एकमेव साहित्य.

"हात दाखव."

"काही नाही टीचर."

"काय झालं ते विचारलं का मी? दाखव म्हटलं."

हात पुढे आला. मनगट सुजून टम्म झालेलं, करंगळीकडची बोटं मुळाशी निळी पडलेली. टीचरांनी बोटांनी हलकेच चाचपून पाहिलं. राणीने ओठ घट्ट मिटून घेतले, पण रडली नाही.

"कौल फोडलं," ती म्हणाली आणि एवढ्या दुखण्यातही तिचे डोळे चमकले. "अमोल सरांनी शिकवलं. पातळ असतात ती. पहिलं फुटलं टीचर, एकदम खाड्कन! दुसरं नाही फुटलं. पण शनिवारी देवळाच्या उत्सवात, मंडपात मी पावण्यांसमोर फोडणार आहे. बॅनरवर फोटो आहे माझा."

राणी आधी याच अंगणात शिकत होती. तिचे वडील निवृत्ती आणि आई मंगल बेळगावकडचे, दोघंही तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. मग नाक्यावर, दुकानाच्या माडीवर अमोलने अकॅडमी काढली. तिथे आरसे होते, रंगीत पट्टे होते, मोबाईलवर व्हिडिओ निघत होते. टीचरांकडे काय होतं? महिनोन्‌महिने नुसतं नीट उभं राहणं, आणि वर्तमानपत्र. राणी गेली. टीचरांना वाईट वाटलं होतं, पण राग आला नव्हता. मुलं नवीन रंगाकडे धावायचीच. राग आला तो आज, हे मनगट बघून.

"मूठ वळ. त्या हाताची नको, डाव्या."

राणीने मूठ वळली. टीचरांनी तिची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळाशी दाबली. "मारायचं ते ह्या दोन हाडांनी. का? ह्यांच्या मागे मनगट सरळ येतं, मनगटामागे हाताचं हाड. सगळी एका रांगेत. तुझी मूठ करंगळीकडे कलली, मनगट दुमडलं आणि सगळा मार त्या दुमडीत जाऊन बसला. कोयतीच्या धारेने चिरतात की पाठीने?"

"धारेने."

"जोर तोच, पण तो एवढ्याशा जागेत उतरतो, म्हणून चिरतं. दोन हाडं म्हणजे तुझी धार. आणि हा जोर येतो कुठून?"

"दंडातून," राणी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "नाही, नाही. जमिनीतून."

"जमिनीतून. बंद पडलेली स्कूटर ढकलताना बाबा काय करतात? आधी टाच रोवतात. टाच जमिनीला रेटते, जमीन टाचेला रेटते. तो रेटा मांडीतून कमरेत येतो, कंबर फिरते, खांदा सुटतो आणि मूठ सगळ्यांत शेवटी पोचते. मधे एक सांधा जरी ढिला राहिला तर जोर तिथेच सांडतो. अमोलने हे सांगितलं?"

"ते सांगतात, कौल नाही असं समजायचं. मनात ताकद आणायची."

टीचरांनी हातातला चिमटा दोरीवर असा काही आपटून लावला की पान थरथरलं. "कौल नाही असं समजायचं! आणि कौल असलं तर?"

त्याच पावली त्या राणीला घेऊन तिच्या खोलीवर गेल्या. निवृत्ती नुकताच कामावरून आला होता. मंगल चहा ठेवत होती. टीचरांनी हात दाखवला, ह्या वयात हाडांची टोकं अजून कोवळी असतात, वाढायची असतात, तिथे इजा झाली तर हात जन्मभर आखूड-वाकडा राहू शकतो, असं सगळं समजावून सांगितलं. आवाज चढू दिला नाही, ह्याचा त्यांना स्वतःलाच अचंबा वाटला.

निवृत्ती खाली मान घालून ऐकत होता. "बाई, तुमचं खरं असंल," तो म्हणाला. "पण एवढी वर्षं झाली इथं ऱ्हातोय आम्ही. अजून लोक 'घाटावरची' म्हणत्यात. देवळाच्या स्टेजवर आमच्या पोरीचं नाव पुकारणार, पावणे बघणार. एकदा होऊन जाऊं दे की. हळद लावतो हाताला."

घोटभर चहा घेऊन टीचर उठल्या. वाटेत अमोलच्या अकॅडमीच्या जिन्याशी थांबल्या. अमोल डिचोलीचाच, लाघवी, तोंडभर हसणारा पोरगा.

"टीचर! या, या. शनिवारी पहिल्या रांगेत बसायचं हां तुम्ही."

"राणीचं मनगट सुजलंय. तिला कौल फोडायला लावू नकोस."

"किरकोळ आहे हो. मी ती पातळ कौलं उन्हात कडक वाळवतो, मधे पेन्सिली ठेवतो. एक फुटलं की दुसऱ्यावर पडतं. पापडासारखी असतात."

"म्हणजे युक्ती आहे हे तुला ठाऊक आहे. मग पोरीला मनाची ताकद कसली सांगतोस?"

अमोल हसला. "टीचर, पोरांना धमाका हवा. तुमचा तो पेपर कोण बघायला येणार?"

त्या पोरीचा हात ह्याच्या धमाक्याची वात होती. टीचर तशाच वळल्या आणि घराकडे चालू लागल्या.

शनिवारी मंडप भरला होता. उत्सव समितीचे मधुकरबाब इकडून तिकडे धावत होते. मंडपाच्या कडेला जुन्या मंगलोरी कौलांची चळत रचलेली होती, कारण पाऊस तोंडावर आला होता आणि देवळाच्या अग्रशाळेची, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरायच्या इमारतीची, शाकारणी चालू होती. गावातले पुरुष आळीपाळीने चढून कौलं उतरवत होते, फुटकी वेगळी काढत होते. निवृत्तीही सुट्टीच्या दिवशी वर चढला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपणहून गेला होता.

राणीचं नाव पुकारायची वेळ आली आणि पडद्यामागे गडबड उडाली. नाक्यापासूनचा रस्ता पाइपलाइनसाठी खणला होता. त्या खड्ड्यांत अमोलच्या गाडीवरचं खोकं आदळलं आणि पापडासारखी कौलं पापडासारखीच चुरून गेली होती.

"हात तिच्या!" मधुकरबाब म्हणाले. "त्याला काय झालं? आमची कौलं आसात की! ही जुनी घेऊया. नवी घट्ट असतात, जुनी पावसाने खाल्लेली. त्या चेडवाक, राणीक, सोपी पडतलीं."

त्यांच्या मनात तसूभर कपट नव्हतं. त्यांनी स्वतः चळतीतून एक कौल काढलं आणि स्टेजवर सिमेंटचे दोन ठोकळे मांडून त्यांच्यावर ठेवलं. आयुष्यभर ज्या हातांनी कौलं लावली ते हात कौल जसं ठेवणार तसंच ठेवलं. लांबी एका ठोकळ्यापासून दुसऱ्या ठोकळ्यापर्यंत, छपरावर एका लाकडी रिपेपासून दुसऱ्या रिपेपर्यंत ठेवतात तशी. अमोलने एकवार कौलाकडे पाहिलं, एकवार पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांकडे, आणि माइक उचलून राणीचं नाव पुकारलं.

सुमंगला टीचर उठून उभ्या राहिल्या.

कौलाच्या पन्हळी एका ठोकळ्यावरून दुसऱ्या ठोकळ्याकडे आडव्या पुलासारख्या गेलेल्या त्यांना बसल्या जागेवरून दिसत होत्या. सपाट कागदावर साधी पेन्सिल ठेवली तरी तो वाकतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घातल्या की तो पुस्तक पेलतो. हे त्यांनी आजवर किती वर्गांना करून दाखवलं होतं! आणि इथे भट्टीत कडक भाजलेल्या घड्या होत्या. कौल फुटलं तर हात पुढे निघून जातो. नाही फुटलं तर सगळा मार हातातच परत येतो.

"थांब राणी!"

मंडपातल्या माना वळल्या. टीचर पायऱ्या चढून स्टेजवर आल्या. मधुकरबाब आडवे आले. "हें कितें गो बाय? पावण्यांच्या फुडें?"

"अमोल," टीचर म्हणाल्या. माइक नव्हता, पण वर्गावर कमावलेला आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "आधी तू मार."

"टीचर, आजचं आकर्षण राणी आहे." तो हसला, पण त्याचा उजवा हात नकळत पाठीमागे गेला. चार दिवसांपूर्वी राणीचा गेला होता तसाच.

"तुझ्या हाताला जे चालत नाही ते तिच्या हाताला कसं चालतं? कौल बदललं, मांडणी बदलली, आणि तू एकदा खाली वाकून बघितलं पण नाहीस! शिकवणारा म्हणवतोस?"

मागून कुणीतरी ओरडलं, "बसा हो बाई! फोडूं दे तिला!" दुसरा म्हणाला, "जळतात म्हाताऱ्या!" हशा पिकला. टीचरांनी तिकडे पाहिलं नाही. त्या राणीसमोर वाकल्या. पोरीचे डोळे भरले होते, आणि ते पाणी टीचरांवरच्याच रागाचं होतं.

"तुम्ही मुद्दाम करता," ती पुटपुटली. "मी तुम्हाला सोडून गेले म्हणून."

हे लागलं. टीचर म्हणाल्या, "मारायचं की नाही ते तूच ठरव. फक्त आधी कौलाखालून हात फिरव आणि काय लागतं ते सांग."

राणीने नाक ओढलं. डावा हात खाली घातला. "पन्हळी लागतात. ह्या ठोकळ्यापासून त्या ठोकळ्यापर्यंत."

"असं कौल आणखी कुठे असतं?"

"छपरावर. रिपेवर."

"आणि छपरावर चालतं कोण?"

राणीने मंडपात पाहिलं. खांबावर हात ठेवून, मुलीचं नाव पुकारल्यापासून ताठ उभ्या असलेल्या निवृत्तीकडे. निवृत्तीचा हात हळूहळू खांबावरून खाली आला.

"मी," तो म्हणाला. मग मोठ्यांदा, स्टेजकडे चालत येत, "मी चाललोय त्याच्यावर! गेल्या रविवारी, ह्याच कौलांवर. माझ्या वजनानं मोडलं न्हाई ते पोरीच्या हातानं मोडंल व्हय?" तो अमोलकडे वळला. त्याचा आवाज फाटला होता. "सर, तुम्ही बगितलं न्हाई? आवं, पोरीचा हात हाय तो!"

अमोलने माइक खाली केला.

मधुकरबाब कौलापाशी उकिडवे बसले. त्यांनी बोटाच्या पेराने कौलावर टकटक केलं, शाकारणीत करतात तसं. फुटकं कौल बद्द वाजतं. हे घंटेसारखं खणखणलं. त्यांचा चेहरा उतरला. "जुनं म्हणून दिलं गो मी," ते टीचरांना म्हणाले. "पोरीला सोपं पडेल म्हणून." ह्या माणसावर टीचरांनी कसं रागवायचं?

कार्यक्रमाचं काय, म्हणून पाहुणे घड्याळ बघू लागले. राणी स्टेजच्या मधोमध तशीच उभी होती. बॅनरवर तिचा फोटो, आणि समोर न फोडायचं कौल. तिने डोळे पुसले आणि पाहुण्यांच्या मांडीवरच्या वर्तमानपत्राकडे बोट केलं. "ते मिळेल?"

टीचरांनी पानाची दोन टोकं चिमटीत हलकेच धरली. राणीने टाच रोवली. कंबर फिरली, खांदा सुटला आणि डावी मूठ गेली तशी परतही आली. फाट्! पानाला मुठीएवढं भोक. मूठ सावकाश गेली तर कागद नुसता मागे झुलतो. झुलायला सवड मिळाली नाही तरच फाटतो. हे मंडपात किती जणांना कळलं देव जाणे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून "पेपर फाडला रे, पेपर!" असं खिदळणं आलं. पाहुणे फोटो न काढताच उठले.

अमोल पायऱ्यांशी टीचरांना आडवा आला. "लोकांसमोर अब्रू घालवलीत माझी."

"घालवली," टीचर म्हणाल्या. "आणि पुन्हा कुठल्या मुलाला असं उभं केलंस तर तिथेही येईन."

मंगलने राणीच्या मनगटाभोवती ओला रुमाल गुंडाळला होता. राणी अजून घुश्शात होती.

"मोठी झाल्यावर फोडू?"

"हाडं पक्की होऊ देत. मग फोड."

"तुम्ही शिकवाल?"

"सोमवारी ये. आधी उभं राहायचं."

"पुन्हा उभंच!" राणीने पाय आपटला.

टीचरांचं लक्ष तिच्या टाचेकडे गेलं. चांगली बसली होती. पलीकडे निवृत्तीने ते कौल दोन्ही हातांनी उचललं आणि अग्रशाळेच्या शिडीवर चढलेल्या मधुकरबाबांच्या हाती दिलं.