निर्वासितांचे पातेले

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे. शाईचा नव्हे, विजेचा. बारामतीच्या पेठेत बाजीराव कासारांचे भांड्यांचे दुकान आहे. तेथील लाकडी खणात माझा मुक्काम असतो. गिऱ्हाइके मला ‘नाव घालायची मशीन’ म्हणतात. हे नाव मला मान्य नाही. मशीन सांगितलेले काम करते आणि मोकळी होते. परंतु जो लिहितो, त्याला आपल्या लिहिण्याचा जाब द्यावा लागतो. तो जाब द्यावा म्हणूनच मी आज बोलतो आहे.

माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे आहे आणि तोंडाला पोलादी सुई. बटण दाबले की सुई थरथरते आणि ठिपक्याला ठिपका जोडीत धातूवर अक्षर उमटवते. बाजीरावांनी मला आणले, तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता सारी पेठ त्यांना आबा म्हणते.

भांड्यावर नाव कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या भागात लग्न असो वा बारसे, स्वयंपाकाची भांडी शेजारपाजारची जमतात. कार्य उरकले की अंगणात त्यांचा ढीग पडतो आणि कोणीतरी नावे वाचून हाका मारते. ज्याचे भांडे त्याच्या घरी जाते. लेकीच्या लग्नातले हंडे, नातवाच्या बारशाची वाटी, गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ देवळाला दिलेली समई, या सर्वांवर मी लिहिले. इंदापूरहूनही लोक येत. ‘आबांचं अक्षर म्हंजी मोती,’ असे ते म्हणत. मोती आबांचे नव्हते, माझे होते. पण त्या कौतुकाने मी फुलून जात असे. एक खोड मात्र माझ्यात होती. फार तापलो की मी मध्येच अडत असे. मग आबा मला फुंकर घालून थोडा वेळ निजवीत.

मागच्या साली काटेवाडीजवळच्या एका वस्तीने मोठे काम अंगावर घेतले. नजीब नावाचा एक अफगाण शेतीशास्त्र शिकायला पुण्यात आला होता. त्याच्या देशातले राज्य उलथले आणि परतीची वाट बंद झाली. बायको जरमीना आणि दोन मुली यांना घेऊन तो पुण्यात एका खोलीत दिवस काढीत होता. वस्तीतला रणजित त्याचा वर्गमित्र. त्याने गावात गोष्ट काढली. बापूसाहेब नावाचे वडीलधारे गृहस्थ पुढे झाले, स्वागत समिती उभी राहिली. कोणी दोन खोल्या दिल्या, कोणी रोपवाटिकेत काम दिले, घरटी एक भांडे ठरले. मित्रांनो, हे लोक वाईट नव्हते. हे मी आधीच सांगतो. कारण पुढची चूक वाईट माणसांनी केलेली नाही, आणि म्हणूनच ती अधिक बोचते.

एकोणतीस भांडी घ्यायला बापूसाहेब दुकानात आले. बरोबर जरमीनेच्या होणाऱ्या शेजारीण भागुबाई होत्या.

“आबा, देणाऱ्या कुनाचंबी नाव घालायचं न्हाय,” बापूसाहेब म्हणाले. “दिलं म्हणून मिरवायचं न्हाय. फकस्त लिवा, ‘निर्वासित कुटुंबास सप्रेम भेट, स्वागत समिती’.”

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “निर्वासित कशाला? त्यास्नी नाव असंल की.”

“नाव हाय, पर उद्या ही मंडळी गेली तर? दुसरं कुटुंब आणू, त्यास्नी हीच भांडी हुतील. पुढचा इचार नको का कराया?”

“बापूसाहेब, तुमी हौदाआधी गळतीचा इचार करताय,” भागुबाई हसून म्हणाल्या. पण त्याही तेवढ्यावर थांबल्या. आबाही थांबले. भांडी त्यांच्याच दुकानातली होती, गिऱ्हाईक मोठे होते.

आणि मी? रोज अडणारा मी, त्या दिवशी एकदाही अडलो नाही. एकोणतीस वेळा ‘निर्वासित’ हा शब्द मी कोरला. ‘नि’ची वेलांटी किती डौलदार आली, याचाच मला अभिमान वाटत होता. बापूसाहेब म्हणाले, “जरा खोल जाऊ द्या, घासून पुसलं न्हाय पायजे.” मी खोल गेलो.

सात महिने उलटले. एके दुपारी भागुबाई दुकानात आल्या. मागे डोक्यावर ओढणी घेतलेली एक बाई होती. तिने हातातले पातेले आबांसमोर ठेवले. मी माझे अक्षर ओळखले.

“ही जरमीना,” भागुबाई म्हणाल्या. नेहमी खणखणीत बोलणाऱ्या त्या बाईचा आवाज खाली आला होता. “आबा, लई वंगाळ झालं बगा. परवा आमच्या मोनालीच्या लेकाचं बारसं. हिनं हौसंनं ह्येच पातेलं दिलं, वर सगळ्यांच्या आधी येऊन कांदा चिरला. जेवनं झाली. एक पोरगी भांडी वाटाया बसली, नावं वाचून. अन् वरडली, ‘निर्वासितांचं पातेलं कुनाचं गं?’”

भागुबाईंनी पातेल्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवले.

“हिला काय ठावं? आपलं पातेलं दिसलं, तशी हसत हात वर करून म्हनली, ‘माझं, माझं!’ बाया हसल्या. म्या बी हसले, आबा. म्या बी.”

जरमीना पातेल्याकडे पाहत होती. मग ती एकेक शब्द जुळवीत बोलली. “घरी आले. सगळी भांडी पाहिली. ताट, वाटी, तवा. सगळीकडे तेच. मुलींना शिकवणाऱ्या श्रेयाताईला विचारले, अर्थ काय? ताई रडली. मग मला समजले.” ती आबांकडे वळली. “सात महिने माझ्या मुली ह्याच्यात जेवल्या. नजीब म्हणतो, पुण्याला परत जाऊ. मी म्हणाले, आधी दुकानात जाते. हे काढा.”



मित्रांनो, मला लिहिता येते, पुसता येत नाही. आबांनी ते पातेले मागच्या बाजूच्या पॉलिशच्या चाकावर धरले. इतक्या वर्षांत माझे अक्षर कोणी घासून काढताना मी प्रथमच पाहिले. धातू तापला, करकरला, पातळ झाला. तरी प्रकाश तिरपा पडला की शब्द दिसेच. मी फारच खोल गेलो होतो.

“बाई, ह्याच्यावर जास्त घासलं तर भोक पडंल,” आबा मान खाली घालून म्हणाले. “दुसरं पातेलं घिऊन जा. चूक माझी हाय. बाकीची अठ्ठावीसबी बदलून देतो.”

“दुसरे नको,” जरमीना म्हणाली. “ह्यात मी तुमची आमटी शिकले.” तिने माझ्याकडे बोट दाखवले. “हा द्या. माझे नाव मला लिहिता येते. मी लिहिते.”

आबांनी मला तिच्या हाती दिले. असा टाक तिने पहिल्यांदाच धरला होता. घासलेल्या जागेवर, अर्धवट उरलेल्या त्या शब्दावरून, तिने आपल्या नावाची चार अक्षरे काढली. ‘मी’ची वेलांटी सुटून काठापर्यंत गेली. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत वाकडे अक्षर होय. आणि मी लिहिलेले एकच खरे.

भागुबाईंनी पातेले उचलून निरखले. “आता पुण्याला जातीस व्हय गं?”

“अजून माहीत नाही,” जरमीना म्हणाली. “पुढच्या बारशात कोणत्या नावाने हाक मारतात, ते बघते.”

“कुनी दुसऱ्या नावानं मारू दे, त्याच्या टकुऱ्यात ह्येच घालते!”

जरमीना हसली, पण किंचितच. पातेले कमरेवर घेऊन ती निघाली.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब स्वतः उरलेली भांडी टेम्पोतून घेऊन आले. चाकाजवळ बसून एकेक भांडे आबांच्या हाती देत राहिले. नजर शेवटपर्यंत वर केली नाही. मीही खणातून वर पाहिले नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या घरी भांडे जरूर द्या, भरून द्या. पण देण्याआधी त्याचे नाव विचारा. ते अवघड असेल तर दोनदा विचारा. आणि एखादा शब्द लिहिताना तुमचा हात अडला, तर त्याला घाई करू नका. मी त्या दिवशी अडायला हवे होते.