चावीचं घड्याळ

“पुन्हा थांबलं,” आठल्ये म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून काउंटरच्या काचेवर ठेवला आणि डाव्या हातानं त्याची घडी उलगडली. आत त्यांचं घड्याळ होतं, बंद पडलेलं.

अंबाजी तेव्हा दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाच्या तावडीत सापडला होता. त्या गृहस्थानं मोबाइलवर असलंच घड्याळ निम्म्या भावात शोधून काढलं होतं आणि ‘शेट, इसमें असली कित्ता, नकली कित्ता?’ एवढंच तो धरून बसला होता. आबिड्सच्या पोस्टामागच्या बोळात जुनी घड्याळं विकायची, तर असली माणसं पाचवीला पुजलेलीच. कुणी घड्याळ लग्नात मिरवून येतं आणि ‘घरवालीला पसंत नाही’ म्हणून परत करतं. कुणी बापाच्या वयाच्या घड्याळावर ओरखडा कसा म्हणून भांडतं. अंबाजी सगळ्यांना पुरून उरला होता. आवाज चढवायचा नाही, हा त्याचा बाणा. नाठाळ गिऱ्हाईक आलं, की बोळातले बाकीचे दुकानदार त्याला खुशाल अंबाजीचं दुकान दाखवून मोकळे होत.

पण या आठल्यांनी त्याला जेरीस आणलं होतं.

अरविंद आठल्ये मूळ पुण्याचे. बायको गेल्यावर मुलानं, निखिलनं, त्यांना इथे नल्लकुंट्याला आपल्या घरी आणलं होतं, थोडे दिवस म्हणून. जीव मात्र पुण्याच्या घरात अडकलेला. “मी इथे पाहुणा आहे. जूनमध्ये परत जाणार,” असं त्यांनी पहिल्याच भेटीत, न विचारता सांगून टाकलं होतं. पहिल्या पगारातून घेतलं होतं तसलंच घड्याळ त्यांना अंबाजीच्या काचेआड दिसलं आणि ते लहान मुलासारखे हरखले. घासाघीस न करता घेऊन गेले. असं गिऱ्हाईक रोज एक यावं, असं त्या दिवशी अंबाजीला वाटलं होतं. पुढे काही आठवड्यांनी ते खरंच यायला लागलं, दिवसाआड, आणि प्रत्येक वेळी ‘पुन्हा थांबलं’ म्हणत.

अंबाजीनं डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडलं. आत सगळं ठणठणीत. चार वेळा चावी फिरवली तर ते टिकटिकायला लागलं.

“काका, रोज सकाळी चावी देलालाव ना?”

“म्हणजे काय! किल्ली दिल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही.”

“मग घड्याळालाच शुगर झाली असंल. खाल्लेलं अंगी लागंना त्याच्या.”

दुकानातली माणसं हसली. आठल्येही हसले, जरा उशिरा.

अंबाजीनं गच्च होईपर्यंत चावी दिली आणि वेळ लावली. थांबलेलं घड्याळ मालकाच्या हातात द्यायचं नाही, ही त्याच्या बापाची शिस्त. विकलेलं असो, दुरुस्तीला आलेलं असो की नुसतं दाखवायला आणलेलं असो, पुरी चावी देऊनच परत करायचं. तो चावी देत असताना आठल्ये त्याच्या बोटांकडे एकटक बघत राहत. मग घड्याळ पुन्हा रुमालात गुंडाळत आणि जात. मनगटावर कधी बांधत नसत. पुणेकर माणूस, वस्तू जपून वापरतोय, असं अंबाजीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

एप्रिलातल्या एका दुपारी ते आले तेव्हा सोबत सून होती, केतकी. तिनं आल्या आल्या रुमालासकट घड्याळ काचेवर ठेवलं.

“बाबांना हे तुम्हीच विकलंत ना?”

“हौ, मीच.”

“उन्हातान्हात बस धरून येतात ते तुमच्याकडे. मला काल कळलं. म्हातारा माणूस बघून बिघडलेला माल गळ्यात मारायचा, बरं आहे तुमचं!”

“बिघडलेला नाही, बेटी. एकदम चांगला पीस हाय.”

“मग थांबतं कसं? परत घ्या ते. नाहीतर मी दुकानाच्या नावानिशी नेटवर सगळं लिहीन.”

नेमका त्या वेळी हर्षवर्धन दुकानात बसलेला. जुन्या घड्याळांचा शौकीन माणूस. त्याच्या शब्दावर आणखी शौकीन अंबाजीकडे येत. तो हातातलं घड्याळ खाली ठेवून ऐकू लागला.

“केतकी, जाऊ दे गं. चल, निघू,” आठल्ये पुटपुटले.

“का जाऊ दे? तुम्ही रोज किल्ली देता की नाही, ते सांगा त्यांना.”

आठल्यांनी अंबाजीकडे पाहिलं आणि लगेच नजर काचेकडे वळवली. “देतो ना. घड्याळातच काहीतरी खोट आहे.”

अंबाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकांच्या शिव्या त्यानं पचवल्या होत्या. पण ज्याला दिवसाआड हसतमुखानं चावी देऊन दिली, त्यानंच उलटून मालाला नावं ठेवावीत, तीही हर्षवर्धनदेखत! बाणा गेला उडत.

“खोट घड्याळात नाही, काका!” तो ओरडला. “खोटं कोण बोलालंय ते आत्ता बघू. हे घ्या. द्या चावी, सगळ्यांसमोर द्या!”

“आता हे कशाला...”

“नाही, द्याच. बघू दे तुमच्या सुनेला.”

आठल्यांनी घड्याळ डाव्या हातात घेतलं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट त्यांनी चावीपाशी नेलं. बोटं चावीला टेकली, पण चिमूट काही होईना. अंगठा सरकला. पुन्हा धरलं, पुन्हा सरकला. मग घड्याळ छातीशी दाबून त्यांनी चावीवर तळहात घासून पाहिला. ते इतक्या मन लावून प्रयत्न करत होते, की ‘राहू दे’ म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. शेवटी घड्याळ निसटलं आणि काचेवर आपटलं.

“बाबा,” केतकीचा आवाज एकदम खाली आला, “बोटांना काय झालंय?”

“काही नाही गं. थंडीनं जरा आखडलीत.”

“एप्रिल चालू आहे, बाबा.”

केतकीनं त्यांचा हात हातात घेऊन बोटं एकेक करून दाबून पाहिली. “म्हणून बटणांचे शर्ट सोडून झब्बे घालताय? मला म्हणालात उकडतं म्हणून. आणि या हातांनी तुम्ही पुण्याला एकटे राहणार होतात? गॅस कसा पेटवणार होतात?”

“जमलं असतं,” आठल्ये म्हणाले.

ती त्यांना धरून बाहेर घेऊन गेली. आजवर ते कधी कुणाचा हात धरून दुकानाच्या पायऱ्या उतरले नव्हते. घड्याळ काचेवरच राहिलं.

“मान गए, शेट. तुमेच सच्चे निकले,” हर्षवर्धन म्हणाला. आणि खरं सांगायचं तर क्षणभर अंबाजीची छाती फुगलीसुद्धा. मग त्याची नजर मागे राहिलेल्या रुमालावर गेली आणि त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की हर्षवर्धनला निरोप देतानाही त्याला मान वर करवेना. मनगटावर पट्टा बांधता येत नव्हता, म्हणून तो रुमाल होता. घड्याळाला चावी मिळावी म्हणून तो माणूस एवढ्या लांबून येत होता. चावी देऊन द्या म्हणावं, तर दुखणं सांगावं लागलं असतं आणि दुखणं कळलं, की पुणं संपलं असतं. म्हणून बिचारा तक्रार घेऊन येत होता. भिंग लावून घड्याळाच्या पोटातलं कुसळ शोधणाऱ्या अंबाजीला समोरचा हात दिसला नव्हता.

घरी त्यानं बायकोला, गंगूला, सगळं सांगितलं. ती भाकरी वाढत होती.

“मग तुमचं तर खरंच निघालं की,” ती म्हणाली. “परेशान कशापायी होलालाव?”

“हौ. माझं खरं निघालं,” अंबाजी म्हणाला आणि अर्धी भाकरी ताटात टाकून उठला.

नल्लकुंट्याला जाऊन माफी मागून यायचं त्यानं रोज ठरवलं आणि रोज टाळलं. कोणत्या तोंडानं जायचं? दुकानात कुणी ‘थांबलं’ एवढं म्हणालं, तरी तो चपापून दाराकडे बघायचा.

मे महिन्यात केतकी आली ती आभार मानायला.

“त्या दिवशी तुम्हाला नको ते बोलले, काका. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, हळूहळू वाढणार. तुम्ही अडून बसला नसतात, तर आम्हाला कळलंच नसतं. बरं झालं. पुण्याचं तिकीट रद्द केलं, घरही भाड्यानं देतोय.”

ती मनापासून बोलत होती. अंबाजीला वाटलं, याच्यापेक्षा तिनं नेटवर लिहिलं असतं तर परवडलं असतं.

“बाबांना एक साधं सेलचं घड्याळ द्या. पट्टा ताणून घालता येईल असं.”

“काका नाही आले?”

“आलेत. बाहेर उभे आहेत. आत यायला नको म्हणतात.”

अंबाजीनं खणातून सेलचं घड्याळ काढलं, जुनं घड्याळही घेतलं आणि तो बाहेर गेला. आठल्ये समोरच्या फुटपाथवर, पुस्तकवाल्याच्या ताडपत्रीखाली दुकानाकडे पाठ करून उभे होते.

“काका, त्या दिवशी मी...”

“छे, छे! चूक माझी. घड्याळ उत्तम होतं. तुमच्या मालाला मी खोटा बोल लावला.”

“एकदा म्हणाला असताव, तर घरी येऊन चावी दिली असती मी. रोज दिली असती.”

“तेच तर म्हणायचं नव्हतं हो, अंबाजीराव.”

अंबाजीनं जुनं घड्याळ पुढे केलं. आठल्यांनी ते पाहिलं, त्याला हात लावला नाही. “तुमच्याकडेच असू दे. चालतं ठेवा,” ते म्हणाले आणि डावा हात पुढे केला.

अंबाजीनं नवं घड्याळ त्यांच्या मनगटावर चढवायला घेतलं. तेवढ्यात सवयीनं त्याची बोटं चावीशी गेली आणि फिरवू लागली. चावी रिकामीच फिरली. आठल्ये त्या बोटांकडे बघत होते. अंबाजीनं झटकन हात काढून घेतला.

“याला लागत नाही,” आठल्ये म्हणाले. मग घड्याळ कानाशी नेऊन त्यांनी ते थोडा वेळ ऐकलं आणि बाही खाली ओढली.

“छान आहे. आता काही तक्रार नाही.”