वरवरचा गंज

"हे बघ, आई, नुसतं बोट लावलं तरी पापुद्रे गळतायत." मुलाने बोटीच्या ट्रेलरवरून बोट फिरवलं आणि ते तपकिरी झालेलं बोट आईच्या नाकासमोर धरलं. "हा भर रस्त्यात मोडला म्हणजे? मागून येणाऱ्याच्या अंगावर अख्खी बोट!"

"मोडला तर ना," सिस्टर म्हणाल्या.

सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं ऑपरेशन झालेल्यांचा वॉर्ड सांभाळून बाई निवृत्त झाल्या होत्या, पण अख्खी गल्ली अजून त्यांना सिस्टरच म्हणायची. भाजीवाला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, आणि भांडण विकोपाला गेलं की नवराही म्हणायचा. नवरा पंपदुरुस्ती करणारा मिस्त्री. चार महिन्यांपूर्वी त्याला हृदयाचा झटका आला, आणि तेव्हापासून तो व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून होता. डॉक्टरांनी हिंडाफिरायची मोकळीक दिली होती. पण येणारा-जाणारा प्रत्येकजण "आराम करा, आराम करा" असं बजावून गेला होता, आणि जन्मात कुणाचं न ऐकलेला हा माणूस नेमकं एवढंच ऐकून बसला होता.

"रविवारी गिऱ्हाईक येतंय," मुलगा म्हणाला. "बोट तो नेईल, ट्रेलर भंगारात देऊ. बाबांच्या कानावर घातलंय मी."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही."

"म्हणजे हो म्हणाले नाहीत."

"नाही तरी कुठं म्हणाले?"

सिस्टरांनी व्हरांड्याकडे पाहिलं. मिस्त्री समोरच्या भिंतीकडे बघत होते. ही बोट त्यांनी सहा वर्षं सुट्टीचे दिवस घालून स्वतःच्या हाताने बांधली होती. ती अंगणातून गेली की हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे सिस्टरांना लख्ख दिसत होतं. वॉर्डात दाराशी उभं राहूनच मान हलवणारे डॉक्टर त्यांनी पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांच्याशी पुष्कळ भांडणंही केली होती.

"सडलाय की नुसता गंजलाय, ते खरवडून बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"कोण खरवडणार?"

"मी. आतून सडलेला निघाला, तर भंगारवाल्याला मीच हाक मारीन. वरवरचा गंज असला, तर मात्र विकायची भाषा या घरात पुन्हा काढायची नाही. कबूल?"

मुलगा हसला. आईचे गुडघे त्याला माहीत होते. कबूल म्हणून तो आपल्या गावी निघून गेला, आणि सिस्टर पिशवी घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेल्या.

"कशाला त्रास घेता, सिस्टर?" दुकानदार म्हणाला. "काळ्या रंगाचा डबा देतो. दोन हात मारा, नव्यासारखा दिसेल. आत काय आहे ते बघायला कोण येतंय?"

"पू तसाच ठेवून वरून पट्टी बांधणाऱ्या नर्सा मी घरी पाठवल्यात," सिस्टर म्हणाल्या. "तारेचा ब्रश द्या. तीन वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिशपेपर द्या. गंजावर लावायचं ते औषध असतं ना, तपकिरीचं काळं करणारं, ते द्या. आणि प्रायमर."

समोरच्या वेल्डरने आपली माणसं आणून बोट उतरवली आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. मग सिस्टरांनी तोंडाला मास्क बांधला, डोळ्यांना चष्मा चढवला, पदर खोचला आणि जमिनीवर फतकल मारली. पहिल्या दिवशी गल्लीतल्या चार बायका फाटकाशी उभ्या राहून गंमत बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही, कारण तारेच्या ब्रशचा तो खर्रखर्र आवाज ऐकून दात आंबतात.

ब्रशखाली आधी निळा रंग निघाला. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा निळा, त्याखाली करडा. प्रत्येक दोन थरांच्या मधे गंजाची एक पातळ, लालसर साय होती. सिस्टर उठल्या आणि हातातला पापुद्रा नाचवत व्हरांड्यापाशी गेल्या.

"दरवर्षी नुसता रंग फासलात ना तुम्ही? गंज न काढता?"

मिस्त्रींनी पापुद्र्याकडे पाहिलं. "वेळ कुठं असायचा?"

"मासे धरायला असायचा!"

संध्याकाळी सिस्टरांच्या लक्षात आलं, की खुर्चीचं तोंड भिंतीकडून अंगणाकडे वळलंय. त्यांनी चुकूनसुद्धा तो विषय काढला नाही.

चौथ्या दिवशी लोखंड उघडं पडलं. ठिकठिकाणी देवीचे व्रण असावेत तसे खड्डे होते, पण पत्रा कुठेही दबत नव्हता. आता हातोडीने ठोकून बघायचं, असं वेल्डरने सांगितलं होतं. निरोगी पाइप वाजतो, पोखरलेला बोलत नाही. सिस्टर पुढून ठोकत निघाल्या. टण्ण. टण्ण. डावी बाजू झाली, उजवी झाली. प्रत्येक ठोक्यागणिक त्यांचा जीव हलका होत गेला. मग त्या मागच्या आडव्या पाइपाशी आल्या.

थप्प.

त्यांना वाटलं, हातोडी तिरकी बसली.

"पुन्हा मार," व्हरांड्यातून आवाज आला.

थप्प.

"चार बोटं डावीकडे."

थप्प.

"तो गेला," मिस्त्री म्हणाले.

सिस्टरांनी हातोडी खाली ठेवली. चार दिवस त्यांच्या मनात धाकधूक होती ती याचीच. त्यांनी मुलाला शब्द दिला होता, आणि शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. क्षणभर मात्र त्यांच्या मनात आलंच, की प्रायमरचा एक हात इथं जाड मारला तर कोणाला कळणार आहे? मुलगा काही हातोडी घेऊन येणार नव्हता. मग दुकानदाराचा चेहरा आठवला आणि त्यांना स्वतःचीच चीड आली.

मान वर केली तर मिस्त्री पायऱ्या उतरत होते. हात कठड्यावर, पण पावलं आपली आपण टाकत. जवळ येऊन ते वाकले, आणि पाइपाच्या खालच्या अंगाला हात लावून चाचपडत राहिले.

"इथं भोक होतं. पाणी निथळून जायला मीच पाडलेलं. कुठं गेलं?"

सिस्टरांनी ब्रशच्या मुठीने त्या जागेवरचा रंग उकरला. थरावर थर, निळा, हिरवा, निळा. शेवटी घट्ट टोपणासारखा गोळा निघून पडला आणि भोकातून तपकिरी चिखल गळायला लागला.

"मीच बुजवलं," मिस्त्री म्हणाले. "दरवर्षी. ट्रेलर टापटीप दिसावा म्हणून." त्यांनी तो चिखल बोटाने निपटला. "जन्मभर लोकांच्या पंपांची तोंडं साफ केली, आणि घरच्या पाइपाचं हे असं."

"गेलाच ना पण तो?" सिस्टरांनी विचारलं.

"हा एक गेला. बोल्टवर बसवलेला आहे, वेल्ड केलेला नाही. काढला की दुसरा बसतो." त्यांनी वेल्डरच्या दुकानाच्या दिशेने पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि कित्येक महिन्यांत न काढलेल्या आवाजात हाक मारली, "अरे ए! अडीच इंची पाइप आहे का तुझ्याकडे?"

सिस्टरांनी त्याच संध्याकाळी मुलाला फोन केला. "मागचा आडवा पाइप सडलेला निघाला. पार गेलाय. तू म्हणालास ते तेवढ्यापुरतं खरं. तो बदलला. बाकीचा सांगाडा ठणठणीत आहे. स्वतः हातोडी घेऊन ये आणि ठोकून बघ."

रविवारी मुलगा आला, पाठोपाठ गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक जाणकार होतं. तो ट्रेलरखाली आडवा झाला, किल्लीने दोन-तीन जागी ओरखडून पाहिलं, नव्या पाइपाखालच्या भोकात करंगळी घालून पाहिली.

"कुणी केलं हे काम?" त्याने विचारलं.

"हिनं," मिस्त्री म्हणाले.

"मग ट्रेलरही घेतो. भंगारात कशाला घालता?"

मुलाचा चेहरा खुलला. "बघा बाबा, काय म्हणता?"

"मला काय विचारतोस? ट्रेलर तिचा आहे."

"विकायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "बोटही नाही. तुमची खेप फुकट गेली, माफ करा."

गिऱ्हाईक गेल्यावर मुलाने आईला अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं. आता तो हसत नव्हता. "आई, ट्रेलरचं सोड. बाबांना पाण्यावर काही झालं तर? कशाचा हट्ट करतेयस तू?"

सिस्टरांनी हातावरचा प्रायमर पोलक्याला पुसला. हृदयाच्या डॉक्टरांनी नर्स म्हणून त्यांना आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं होतं. ते त्यांनी चार महिने एकटीने पोटात ठेवलं होतं.

"त्यांचं वरवरचं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अर्धं हृदय कामातून गेलंय. वर्ष म्हणाले डॉक्टर. फार तर दोन. ते बदलता येत नाही."

मुलगा म्हणाला, "मग तर आपण त्यांना जपायला हवं."

"कशासाठी जपायचं? त्या भिंतीकडे बघायला? व्हायचं ते खुर्चीतही होईल, तुझी माझी परवानगी विचारून होणार नाही. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. रात्री त्यांचा श्वास मोजत पडते मी. पण असेल ते वर्ष मी त्यांना अंगणात मांडून ठेवणार नाही. तुला एवढी काळजी आहे ना? मग त्यांच्याबरोबर बोटीत बस."

मुलगा बसला. दुपारी धक्क्याच्या उतारावरून त्याने गाडीला जोडलेला ट्रेलर मागे घेतला, तीनदा वाकडा नेला, तीनदा बापाच्या शिव्या खाल्ल्या, आणि चौथ्यांदा चाकं सरळ पाण्यात गेली. बोट तरंगली. केशरी जॅकेट घातलेले मिस्त्री सुकाणूपाशी बसले. "किनाऱ्याजवळच राहा," सिस्टरांनी बजावलं. मिस्त्रींनी ऐकल्यासारखं केलं, आणि मोटर सुरू झाली.

मोकळा ट्रेलर वर ओढून ठेवला होता. खारं पाणी लोखंडावर वाळू द्यायचं नसतं. सिस्टरांनी धक्क्यावरच्या गोड्या पाण्याच्या नळाखाली बादली लावली, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि धुवायला सुरुवात केली. आधी मागचा पाइप, मग स्प्रिंगच्या खाचा, मग डावं चाक. पाण्याकडे त्यांनी पाठ केली होती. मोटरचा आवाज लांब जात होता.

मधेच तो थांबला. सिस्टरांचा हात थांबला. नळ तसाच वाहत राहिला, बादली भरून उतारावर पाणी सांडायला लागलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मग लांबवर मोटर पुन्हा लागली.

सिस्टरांनी नळ बंद केला, बादली उचलली आणि उजव्या चाकाकडे गेल्या. पुढच्या रविवारी ट्रेलर पुन्हा लागणार होता.