टायमिंग थोडं मागे

ताईने ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल केला, टायमिंगचा दिवा इंजिनच्या पुलीवर धरला आणि दुसऱ्या हाताने डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवला. लुकलुकत्या उजेडात गरागरा फिरणारी पुली जागच्या जागी थबकल्यासारखी दिसत होती. तिच्यावरची पांढरी खूण हळूच सरकली. इंजिनचा आवाज चढला, स्वच्छ झाला.

"बंद कर ना जरा," दारातून भावजय म्हणाली.

ताईने किल्ली फिरवली. भावजय सकाळच्या शाळेतून परस्पर आली होती. बोटांना अजून खडू होता. ती गॅरेजमध्ये सहसा पाऊल ठेवत नसे.

"त्याची गाडी?"

"उद्याच्या शर्यतीची तयारी. का गं?"

भावजयीने स्टूल ओढलं, पण बसली नाही. "ताई, हे जे तू फिरवतेस, त्याने गाडी हळू पण होते ना?"

"होते. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडली तर पुरा जोर मिळतो. फार आधी पडली तर इंजिन ठोकतं. उशिरा पडली की मरगळतं."

"मग उशिरा पाड."

ताईने हात पुसायला फडकं घेतलं. गेल्या वर्षी डोंगराच्या चढणीच्या शर्यतीत, शेवटून दुसऱ्या वळणावर, धाकट्या भावाची गाडी कठड्यावर आदळली होती. गळपट्टीचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधलेला असताना तो पत्रे ठोकून घेत बसला होता.

"थोडंसंच," भावजय म्हणाली. "त्याला कळणारही नाही."

"तो विश्वासाने गाडी देतो माझ्याकडे. मी त्याला फसवणार नाही. त्याच्याशीच बोल ना."

"बोलून बघितलं. तोंड शिवल्यासारखा बसतो." तिने स्टूल पायाने मागे सारलं. "लग्नाआधी आम्ही विचारलं होतं, मुलाला काही व्यसन आहे का. तुम्ही सगळे एका सुरात नाही म्हणालात."

ताईला हसू आलं. भावजय हसली नाही. ती गेल्यावर ताईने इंजिन पुन्हा सुरू केलं आणि खूण जिथे हवी तिथे आणून बोल्ट घट्ट आवळला. काम मनासारखं झालं होतं.

दुपारी धाकटा आला. बॉनेटखाली डोकावला, ताईच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी घेऊन डोंगराकडे गेला. असा एक फेरा मारून आला की तो दारातूनच ओरडत, हातवारे करत सांगत सुटे. आज त्याने गाडी आत आणली, इंजिन बंद केलं आणि काच खाली करून बसून राहिला. हात गिअरवरच होता.

"ठोकतंय का?" ताईने विचारलं.

"नाही. सुरेख आहे. जरा मागे घे टायमिंग, ठिणगी उशिरा पडू दे."

"सुरेख आहे म्हणतोस ना?"

"आहे म्हणूनच." त्याने समोरच्या काचेवरचा एक ठिपका बोटाने पुसला. ठिपका बाहेरच्या बाजूला होता. "त्या वळणाशी आलो की माझा पाय आपोआप उचलला जातो, ताई. मी उचलत नाही, तोच उचलला जातो. गाडी म्हणते चल, आणि मी थांबतो. खाली उभ्या माणसालाही आवाजावरून कळेल. गाडीच मंद असली तर ते कोणाला कळणार नाही."

ताई बॉनेटला टेकून उभी राहिली.

"नको जाऊस मग उद्या."

"नाही गेलो तर सगळे का म्हणून विचारतील."

"गेलास आणि मागे पडलास तर म्हणतील, ताईच्या हाताला पूर्वीसारखं टायमिंग लागत नाही."

"हो," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "ते माझ्या लक्षात आलंय."

उद्या तिथे तिची निम्मी गिऱ्हाइकं उभी असणार होती. ताईने बॉनेट उघडलं. बोल्ट सैल केला, दिवा धरला. खूण मागे आली तसा इंजिनचा आवाज जाड झाला. तिला तो आवाज अजिबात आवडला नाही. तिने बोल्ट आवळला.

"हिला सांगू नकोस," गाडी बाहेर काढताना तो म्हणाला. "मी घाबरलो म्हणून."

संध्याकाळी शटर ओढत असताना भावजयीचा फोन आला.

"सकाळी मी जास्तच बोलले."

"असू दे."

"तू काही केलं नसशीलच."

ताईने शटर अर्ध्यावर सोडलं. "केलं," ती म्हणाली.

"काय?"

"मागे घेतलं. तू म्हणालीस तसं."

"त्याला कळलं?"

"नाही."

भावजय हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे उद्या तो हरणार."

"हरेल."

"बिचारा." तिचा श्वास ऐकू आला. अपघातानंतर ती शर्यतीकडे फिरकलीसुद्धा नव्हती. "मग मी येते बघायला. कुठे उभं राहिलं म्हणजे त्याला दिसेन?"