वर राहिलेली मिलुस्का

"पुकामार्कावरून उतरताना पोरीला नावानं हाक मार. विसरू नकोस. ते दगड एकटे आहेत, लहान मूल दिसलं की ठेवून घेतात."

सासूनं हे सांगितलं तेव्हा नेलिदा शालीची गाठ मारत होती. पाठीवर दोन वर्षांची मिलुस्का, गळ्यात गाइडचं कार्ड, हातात चौदा प्रवाशांची यादी. "माय, पाठीला बांधलीय ती माझ्या," ती म्हणाली. "राहील कुठे? बटाटा आहे का वाटेत सांडायला?"

"हस," सासू सातुर्निना म्हणाली. "कुस्कोच्या कॉलेजात हसायलाच शिकवतात वाटतं."

खरं तर नेलिदा निर्धास्त बाई नव्हतीच. पाणी दोनदा उकळणारी, झोपलेल्या लेकीच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघणारी. नवरा खाणीत, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे काळजी सगळी तिच्याच वाट्याला. पण तिच्या भीत्या पुस्तकातल्या होत्या: जंतू, ताप, निसरडी पायरी. मूल ठेवून घेणारे दगड त्यांत बसत नव्हते.

त्या दिवशी पुकामार्काच्या डोंगरावरच्या प्राचीन अवशेषांत, वरच्या दगडी पन्हळीपाशी एका प्रवाशाचं ड्रोन भरकटलं आणि मिलुस्काच्या कानाशी भिंतीवर आपटून फुटलं. लागलं कुणालाच नाही. पोर एकदा किंचाळली आणि गप्प झाली. घाबरलीय, होईल शांत, असं म्हणत नेलिदा सगळ्यांना घेऊन उतरली. खाली फाटकापाशी तिनं रोजच्यासारखी हजेरी घेतली. चौदाच्या चौदा नावं, मोठ्यानं, एकेकाचा उच्चार सांभाळून. एक जर्मन आजोबा पायऱ्यांवर रेंगाळले होते, त्यांना तर तीन हाका मारल्या. पाठीवरच्या पोरीचं नाव तेवढं घेतलं नाही.

त्या दिवसापासून मिलुस्का बोलायचीच थांबली. हसेना, रडेना, किनोआच्या दाण्यांचं सूप तोंडातून ओघळून जाई. नेलिदानं वहीत सगळं टिपून ठेवलं, किती चमचे, किती झोप. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं कान, घसा, छाती तपासली. सगळं ठीक होतं, वजन मात्र सहाशे ग्रॅम उतरलं होतं. "शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही तर कुस्कोच्या इस्पितळात न्यायचं," ती म्हणाली. नेलिदानं तशी पिशवीही भरून ठेवली.

आठव्या दिवशी, बुधवारी, सातुर्निना चुलीपाशी बसून म्हणाली, "पिशवी भरलीस ते बरं केलंस. पण त्या पिशवीत नेणार कुणाला? पोर वर आहे. इथं नुसतं अंग आहे."

एरवी नेलिदानं वाद घातला असता. आता तिनं एवढंच विचारलं, "उतरताना मी हाक मारली नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या तोंडानं. आठ दिवस माझ्याकडे सरळ बघत नाहीयेस." मग म्हातारी जरा मऊ झाली. "उद्या भर दुपारी जाऊ. तिची टोपी घे, डोंगराला वाहायला कोकाची पानं मी घेते. जिथं दचकली तिथूनच बोलवायचं असतं. परवा इस्पितळात जा की. मी कुठं अडवलंय?"

नेलिदाचा विश्वास होता असं नाही, आणि नव्हता असंही नाही. लेक परत येण्याचा एखादा दरवाजा आपल्या हातानं बंद करावा, एवढी हिंमत तिच्यात नव्हती.

गुरुवारी दुपारी फाटकावर दोर बांधलेला होता. राखणदार एलेउतेरियो त्यांच्याच गावचा. "आज बंद," तो पायाशी बघत म्हणाला. "बड्या पाहुण्यांचं जेवण आहे वर. पांढऱ्या चादरी, काचेचे पेले. उद्या ये, पोरी."

"आमची नात वर राहिलीय," सातुर्निना म्हणाली.

एलेउतेरियोनं शालीतल्या मिलुस्काच्या डोळ्यांत पाहिलं आणि टोपी काढली. त्याला आणखी सांगावं लागलं नाही. पण मागून तिथला व्यवस्थापक आला, राजधानी लिमाहून आलेला तरुण, कमरेला वॉकीटॉकी.

"कोण राहिलंय वर?"

"माझी मुलगी," नेलिदा म्हणाली.

"ती तर तुमच्या पाठीवर आहे!"

"पाठीवर काय आहे ते दिसतंय मला. ती वर आहे, ते तुम्हाला दिसत नाहीये."

तो हसला. नेलिदा आठ दिवसांपूर्वी हसली होती अगदी तसाच, आणि ते तिला झोंबलं. "सेन्योरा, तुम्ही शिकलेल्या आहात. आत पाऊल टाकलंत तर तुमचं कार्ड जाईल. आज तिकिटालासुद्धा प्रवेश नाही."

"तिकीट प्रवाशांना लागतं. मी बघायला नाही आले, न्यायला आलेय. आपलं पोर घरी न्यायला कुणाची परवानगी लागते, तो नियम मला दाखवा. लेखी दाखवा. वाचता येतं मला."

तो वॉकीटॉकीशी खुडबुडत असताना सातुर्निना दोराखालून वाकून पलीकडे गेलीसुद्धा. "एलेउतेरियो, थांबवा तिला!"

"माझा गुडघा," एलेउतेरियो म्हणाला आणि तिथल्या दगडावर बसला. "वळतच नाही बघा आज."

उतारावरच्या दगडी तालींवर खरंच पांढरी टेबलं होती. पन्हळीपाशीही एक. सातुर्निनानं पाहुण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाण्याशी पानं ठेवली, टोपी हवेत फिरवली आणि बोलावू लागली, "मिलुस्का, हाम्पुय! परत ये. तुझी माय आलीय." पण चढ चढून तिला धाप लागली होती. आवाज पन्हळीच्या खळखळाटात बुडाला.

"आवरा हे," व्यवस्थापक दबक्या आवाजात म्हणाला. "पाहुणे जेवतायत."

तीन वर्षं नेलिदा या भिंतींमध्ये हळू बोलत आली होती. पाहुण्यांना त्रास नको, फोटोत मध्ये येऊ नका, गावकऱ्यांनी कडेनं चाला. तिनं सासूच्या हातून टोपी घेतली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "मिलुस्काऽऽ! हाम्पुय! चल घरी!" चमचे थांबले. "मी विसरले गं. सगळ्यांची नावं घेतली, तुझंच राहिलं. मिलुस्काऽऽ!" समोरच्या डोंगरावरून नाव परत आलं. तिनं पुन्हा हाक दिली. व्यवस्थापकानं दंड धरला तो तिनं झटकला आणि आणखी मोठ्यानं हाक दिली.

मग टोपी लेकीच्या डोक्यावर घालायला ती जवळच्या टेबलापाशी टेकली. शालीतून एक हात बाहेर आला आणि एका बाईंच्या ताटातला उकडलेला बटाटा उचलला गेला.

"ठेव तो!" व्यवस्थापक म्हणाला. "पाहुण्यांचा आहे."

"नाही!" मिलुस्का म्हणाली, आणि बटाट्याला कचकन चावली.

सातुर्निना पन्हळीच्या कडेवर मटकन बसली. "आली," ती म्हणाली. "हीच ती. हिचा बापही असाच हावरट." नेलिदा हसत होती की रडत होती, ते बघायला तिला स्वतःलाही सवड नव्हती, ती घास मोजत होती. ज्यांचा बटाटा गेला त्या बाईंनी आपलं अख्खं ताटच पुढे सरकवलं.

शुक्रवारी तिनं लेकीला इस्पितळात दाखवलंच. डॉक्टरांना काही सापडलं नाही. वजन चढू लागलं.

तक्रार झाली. नेलिदाचं कार्ड सहा महिने बंद. माफीचं पत्र लिहिलंत तर तीन, असा निरोप आला. "सहा चालतील," असं तिनं उलट कळवलं. आता ती मिलुस्काला घेऊन कुस्कोत राहते आणि एका शाळेत शिकवते. सातुर्निनाची फाटकाबाहेरची टोप्या विकायची जागा, तीस वर्षांची, काढून घेतली. म्हातारी गाव सोडायला तयार नाही. रोज सकाळी त्याच जागी जाऊन बसते, विकायला मनाई म्हणून नुसतीच विणत. गेला महिनाभर थंडी फार आहे, खोकला होता तिला, आणि फोन तर ती बटाट्याच्या पोत्यात ठेवते, वाजला तरी उचलत नाही.

म्हणून पुकामार्काला निघालेल्या प्रत्येकाला नेलिदा गाठते, आणि तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही तिचं हेच सांगणं आहे. फाटकाच्या डाव्या हाताला बघा. तिथं विणत बसलेली म्हातारी दिसली तर तब्येत विचारा; ती तुम्हाला शिव्या देईल, म्हणजे बरी आहे. दिसली नाही, तर फोटो नंतर काढा. ओढ्याच्या गल्लीत तिसरं निळं दार आहे. जोरात वाजवा, तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. आणि दार उघडलं नाही, तर राखणदार एलेउतेरियोला घेऊन आत जा.