परत एकदा, हसून

तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणावं की नाही, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. हा शब्द मी आमच्या घरातल्या भिंगरी नावाच्या पोरीकडून शिकलो. ती माझ्यासमोर उभी राहून विचारायची, "मित्रांनो, आज आपण काय उघडणार आहोत?" आणि मी खोलीभर नजर फिरवायचो. खोलीत कोणीच मित्र नसायचे. पलंग असायचा, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असायचा आणि ढिगाशेजारी तिची आई असायची. मग मला वाटायचं, ही मलाच म्हणत असणार. पण मी तर एकटाच. तरी तुमची हरकत नसेल तर मीही म्हणतो. मित्रांनो, मी एक जुना कॅमेऱ्याचा स्टँड आहे.

मी लाकडाचा आहे, पितळी स्क्रूंचा. तीन पाय असूनही मला स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही, हा आमच्या घराण्यातला जुना विनोद आहे. ज्या सुताराने मला घडवलं, त्याने मला मुद्दाम खडबडीत जमिनीवर उभं केलं आणि डोक्यावर काठोकाठ भरलेलं पाण्याचं भांडं ठेवलं. थेंबही सांडला नाही. तेव्हा कुठे त्याने मला गिऱ्हाइकाच्या हवाली केलं. न हलता उभं राहायचं, एवढंच मला शिकवलेलं आहे. त्यापलीकडचं काही विचाराल तर मी सपशेल ढ.

ते गिऱ्हाईक म्हणजे भिंगरीचे आजोबा. तेव्हा ते आजोबा नव्हते, डोक्यावर दाट केस असलेले फोटोवाले होते. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आत एक रंगवलेला पडदा होता, त्यावर कुठेच न पोहोचणारा जिना होता. आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा होता, कारण गिऱ्हाइकं कंगवे खिशात घालून न्यायची. लहान मुलांसाठी एक खुळखुळाही होता. आजोबांची फोटो काढायची तऱ्हा मात्र जगावेगळी होती. ते आधी ‘हसा’ म्हणायचे. माणसं हसायची, म्हणजे दात दाखवायची. आजोबा नुसताच खटकन आवाज करायचे आणि म्हणायचे, "झालं."

‘झालं’ हा शब्द कानांवर पडला की माणसं सैल पडायची. नवरा बायकोकडे बघायचा, आई पोराचं नाक पुसायची, पोरगं खुदकन हसायचं. खरा फोटो आजोबा त्या वेळी काढायचे. फोटो न्यायला आलेली माणसं चकित व्हायची. हा कधी काढलात म्हणून विचारायची आणि स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत राहायची. ही फसवणूक होती का? मला तेव्हाही नीट कळलं नाही. पण फोटो घेऊन जाताना कोणी नाराज झाल्याचं मला आठवत नाही.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा आला. आधी लग्नाची गिऱ्हाइकं गेली, मग लहान मुलं गेली, शेवटी ओळखपत्राच्या फोटोसाठी येणारेही आले नाहीत. आजोबांनी दुकान बंद केलं आणि मला घराच्या माळ्यावर चढवलं. तिथे एका कोळ्याने माझ्या पायांमध्ये संसार थाटला. मला वाटलं, आपलं काम संपलं.

मला खाली उतरवलं ते भिंगरीच्या आईने. ती आजोबांची मुलगी. तिचा नवरा बोटीवर काम करतो, महिनोन्महिने घरी नसतो, म्हणून ती लेकीला घेऊन वडिलांकडेच राहते. भिंगरीच्या बाबांना व्हिडिओ पाठवायचा होता. आजोबांनी मला तेल लावलं, डोक्यावर फोन धरायचा चिमटा बसवला आणि आखूड पडलेल्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

त्या पहिल्या व्हिडिओत भिंगरीने आपला कापडी हत्ती धरला होता. हत्तीला एकच कान आहे. दुसऱ्या कानाचं काय झालं याची गोष्ट ती सांगत होती. मध्येच ती गोष्ट विसरली, सटकन शिंकली, स्वतःच हसत सुटली आणि हत्तीला ओरडा दिला. आईने तो व्हिडिओ तसाच्या तसा पाठवला. बाबांनी बोटीवर सगळ्यांना दाखवला म्हणे.

आईने तो इतरांनाही दिसेल असा टाकला. लोकांना आवडला. मग आणखी काही व्हिडिओ झाले, आणि एके दिवशी एका खेळण्यांच्या कंपनीने पार्सल पाठवलं. भिंगरीने ते माझ्यासमोर उघडायचं आणि मुलांना दाखवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते. दिवसभर लोकांची चिडचिड ऐकून घरी येते. आपल्या लेकीचं कोणीतरी कौतुक करतंय याचं तिला अप्रूप वाटलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिच्यावर रागवाल.

पार्सलं येत गेली. त्यांच्याबरोबर सूचनाही यायला लागल्या. खेळण्याचं नाव सुरुवातीलाच घ्यायचं. खोक्यावरचं चित्र फोनकडे हवं. उघडताना चेहरा खूश हवा. एखादी गोष्ट राहिली की आई खेळणं पुन्हा खोक्यात घालायची, कडेने चिकटपट्टी लावायची, बोटाने ती चोपून बसवायची आणि म्हणायची, "परत एकदा, हसून." मग भिंगरी तेच खोकं पहिल्यांदाच बघितल्यासारखी उघडायची. दोन्ही हात गालांवर ठेवायची, डोळे मोठे करायची आणि "अय्या" म्हणायची.

माझा इथे पार गोंधळ उडायचा. खोक्यात काय आहे हे तिला माहीत होतं, आईला माहीत होतं, मलासुद्धा माहीत होतं. मग चकित कोण होत होतं? स्टुडिओत माणसं आधी खोटी हसायची आणि मग खरी. इथे ती पहिल्यांदा खरी चकित व्हायची आणि नंतर ते पुसून टाकून दुसरंच काही काढलं जायचं. क्रम उलटा झाला होता. मी आपला न हलता उभा.

एकदा एक यंत्राचा कुत्रा आला. चकचकीत, निळ्या डोळ्यांचा. खोकं उघडल्याबरोबर तो मोठ्याने भुंकला आणि भिंगरी घाबरली. तिचे डोळे भरून आले, ओठ थरथरले. आईने तिला जवळ घेतलं, पाणी दिलं. मग प्रेमाने म्हणाली, "रडायचं नाही गं राणी, मुलं बघतायत. परत एकदा, हसून." भिंगरीने फ्रॉकला डोळे पुसले. पुढच्या वेळी ती इतकी गोड हसली की मलाही खरं वाटलं.

तो व्हिडिओ खूप चालला. कुत्रा मात्र त्याच दिवशी कपाटात गेला. हत्ती कधीचाच पलंगाखाली होता. भिंगरी आता माझ्यावर फोन असला तरच खेळायची. फोन काढला की हातातलं खेळणं खाली ठेवायची आणि माझ्याकडे बघत बसायची. सांगायला लाज वाटते, पण मी त्या दिवसांत फुशारलो होतो. मला वाटायचं, पोरीला माझा लळा लागलाय.

मग शेजारची गोटी आली. गोटी म्हणजे भिंगरीची मैत्रीण, अंगाने गोल म्हणून सगळे तिला गोटी म्हणतात. तिच्या काखेत तोच निळ्या डोळ्यांचा कुत्रा होता. व्हिडिओ बघून तिने घरी जेवण सोडलं होतं. घरच्यांच्या नाकीनऊ आले तेव्हा कुठे तो मिळाला होता. पण तिचा चेहरा उतरलेला होता.

"मला हा खेळताच येत नाही," ती म्हणाली. "तुला जशी मजा आली तशी येतच नाही. माझं काय चुकतंय?"

भिंगरीने आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला पण नाही येत."

"मग तू एवढी हसलीस कशी?"

"उघडताना हसायचं असतं," ती म्हणाली.

दोघी कुत्र्यासमोर मांडी घालून बसल्या. आपल्यालाच जमत नाही, अशी दोघींची खात्री होती. त्यांनी आळीपाळीने त्याचं बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. शेवटी बॅटरी संपली आणि कुत्र्याचा आवाज बसला. खेळणं वाईट आहे असं दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मी काही सांगू शकलो असतो तरी काय सांगणार होतो? ते हसू मीच तर स्थिर धरलं होतं.

आजोबा खुर्चीतून हे सगळं बघायचे. फक्त एकदा चिकटपट्टी चोपणाऱ्या आपल्या मुलीला त्यांनी विचारलं, की तू तिला ‘झालं’ कधी म्हणतेस? आई म्हणाली, "व्हिडिओ पाठवला की झालंच की, अप्पा."

आणि मग बाबा आले.

बोट लवकर बंदराला लागली होती आणि त्यांनी मुद्दाम कळवलं नव्हतं. दुपारची वेळ होती. एक पार्सल उघडून झालं होतं, पण नाव घ्यायचं राहिलं होतं, म्हणून आई खोकं पुन्हा बंद करत होती. फोन चार्जिंगला लावला होता. मी मोकळ्या डोक्याने उभा होतो. बेल वाजली आणि भिंगरी दार उघडायला धावली.

दारात बाबा होते. दाढी वाढलेली, खांद्यावर मोठी बॅग. भिंगरी जागच्या जागी थिजली. तिचा खालचा ओठ थरथरला, डोळे काठोकाठ भरले. बाबांनी हात पसरले. ती पुढे झाली आणि मध्येच थांबली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग घाईघाईने फ्रॉकला डोळे पुसले.

"बाबा, तू परत बाहेर जा," ती म्हणाली.

"का गं?"

"मला नीट आनंद नाही झाला. रडू आलं. तू परत ये, मी हसून उघडते."

बाबांना वाटलं, काहीतरी नवा खेळ आहे. ते हसले, बॅग उचलून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. बेल वाजली. भिंगरीने दार उघडलं. दोन्ही हात गालांवर ठेवले, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "अय्या, बाबा!" अगदी कुत्र्याच्या वेळी म्हणाली होती तसंच. मग ती किंचित बाजूला सरकली, बाबांचा चेहरा मला नीट दिसावा म्हणून. खोक्यावरचं चित्र ती अशीच फोनकडे करायची.

बाबांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आईच्या बोटांना चिकटपट्टीचा लांब तुकडा चिकटला होता. तो सोडवायचंही तिला सुचत नव्हतं.

"आई, आता झाला ना नीट?" भिंगरीने विचारलं.

भिंगरी माझ्याकडे, मग आईकडे, मग बाबांकडे बघत राहिली. आपलं काय चुकलं हे तिला कळत नव्हतं. परत करायला ती तयार होती. बाबांना तिसऱ्यांदा बाहेर पाठवायला तिने दाराच्या कडीला हातही घातला.

तेव्हा आजोबा खुर्चीतून उठले. माझ्याजवळ आले आणि फोन बसवतात तिथे त्यांनी आपला तळहात ठेवला, स्टुडिओत ठेवायचे तसा. माझ्या लाकडाला तो हात लगेच ओळखू आला.

"झालं," आजोबा म्हणाले.

"झालं?"

"झालं, पोरी. सगळं झालं."

मित्रांनो, मी आयुष्यभर माणसांना सैल पडताना पाहिलं आहे. पण इतक्या लहान खांद्यांवरून इतकं ओझं उतरताना कधी पाहिलं नव्हतं. तिचा हात कडीवरून सुटला. गाल खाली आले. तिने बाबांकडे पाहिलं, या वेळी फक्त बाबांकडे, आणि तोंड वेडंवाकडं करून तिने भोकाड पसरलं. बाबा बॅग टाकून दारातच खाली बसले आणि तिला छातीशी धरलं. तिचं नाक त्यांच्या शर्टाला पुसलं जात होतं. आई भिंतीला टेकून रडत होती. भिंगरीच्या त्या चेहऱ्याचा फोटो कोणाकडेच नाही. माझ्या डोक्यावर त्या वेळी आजोबांचा हात होता, दुसरं काही नव्हतं.

पुढे काय झालं ते मला धड माहीत नाही. ते खोकं तसंच अर्धवट चिकटवलेलं पडून राहिलं. कंपनीचा फोन आला तेव्हा आई दुसऱ्या खोलीत गेली आणि बराच वेळ बोलत होती. काय बोलली, कोण जाणे. भिंगरीने हत्ती बाहेर काढला, पण खेळण्याआधी ती अजून माझ्याकडे बघते, म्हणून आजोबांनी मला उचलून गॅलरीत ठेवलं. आता माझ्या डोक्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. काही जण याला हेळसांड म्हणतील. मला कळत नाही याला काय म्हणावं.

तसं मला बरंच काही कळत नाही. गोटीला फसवलं कोणी? भिंगरीने? ती तर स्वतःच फसली होती. आईने? कंपनीने? की न हलता उभं राहणाऱ्या मी? उत्तर सापडलं तर मलाही सांगा. एक मात्र तुम्हाला कळवळून सांगावंसं वाटतं. खोकं उघडून खदखदून हसणारी एखादी मुलगी दिसली तर खुशाल बघा, पण ते कितव्यांदा उघडलेलं आहे, एवढं मनाशी विचारा. आणि ते खेळणं घरी आणल्यावर मजा आली नाही, तर तुमचं काही चुकलेलं नसतं. आणि मोठ्या माणसांनो, पोरांना वेळेवर ‘झालं’ म्हणत जा. त्यांना ते आपणहून कळत नाही.

काल संध्याकाळी भिंगरी हत्ती घेऊन गॅलरीत आली. माझ्या पायांशी, माझ्याकडे पाठ करून बसली. हत्तीच्या कानाची गोष्ट ती हत्तीलाच सांगत होती. मध्येच विसरली, शिंकली आणि हसत सुटली. मला तिचा चेहरा अजिबात दिसत नव्हता, आणि त्याचं मला फार बरं वाटलं.